सुरुंगाची हाक

शुहेई ओकुमुराला लहानपणी एकाच प्रश्नाची धास्ती होती. "तू कुठला रे?"

प्रश्न साधा आहे. आमच्या खोऱ्यातलं शेंबडं पोरही त्याचं उत्तर झोपेत देईल. कामिसेचा, म्हणून सांगेल आणि वर आजोबांचं नाव जोडेल. शुहेईला मात्र दर नव्या वर्गात, फळ्यापुढे उभं राहून हे उत्तर देताना घाम फुटायचा. त्याचा जन्म उत्तरेकडच्या बर्फात झाला, तोही बोगद्याच्या कामावरच्या एका पत्र्याच्या खोलीत. त्याचे वडील तोकुओ सुरुंगवाले. डोंगराला भोकं पाडायची, दारू ठासायची, बार उडवायचा, दगड बाहेर काढायचे आणि पुन्हा भोकं पाडायची. डोंगर आरपार झाला की साके नावाच्या तांदळाच्या मद्याचं पिंप फुटायचं, साहेबांबरोबर फोटो निघायचा आणि थोड्याच दिवसांत सामानाचा ट्रक दाराशी उभा. आई साचिएने तर चांगल्या बश्या वर्तमानपत्रातून बाहेर काढणंच सोडून दिलं होतं. पाहुणा आला की नेहमीच्या वाडग्यातच चहा द्यायची. पाहुणे तरी कोण येणार म्हणा.

कामिसेला येण्याआधीच्या एका गावात शुहेई वर्षभर राहिला होता. तिथल्या पोरांबरोबर रोज खेळला, त्यांच्या घरी जेवला. गाव सुटल्यावर पुढच्या उन्हाळ्यात दाताच्या डॉक्टरकडे जायचं म्हणून आई त्याला घेऊन परत त्या गावी गेली. पोरं मैदानावरच होती. शुहेई धावत गेला. ज्याच्याबरोबर एका छत्रीतून शाळेत जायचा, त्या पोराने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "तू तो बोगद्याच्या कामावरचा ना? नाव काय रे तुझं?" शुहेईने नाव सांगितलं. "हां, हां," म्हणत पोरगा खेळायला पळाला. परतीच्या बसमध्ये आईला वाटलं, दात दुखतोय.

आपण जातो तिथे आपलं काही म्हणजे काही मागे राहत नाही, हे त्या दिवशी त्याच्या मनाने घेतलं. पाचवीतल्या पोराने मनाला लावून घ्यावी अशी ही गोष्ट नव्हे. पण लागली.

आमच्याकडे ते लोक आले तेव्हा डोंगराच्या माथ्यावर अजून बर्फाचे ठिपके होते. नदीकाठी त्यांची वसाहत पडली. आमच्या गावाला बोगदा हवाच होता. घाटातल्या रस्त्याने दवाखान्यात जाईपर्यंत माणूस एक तर बरा व्हायचा नाही तर संपायचा. बोगदा झाला की पोरांना मोठ्या शाळेत रोज जाऊन-येऊन राहता येणार होतं. तेव्हा बोगदेवाल्यांचं आम्ही स्वागत केलं, आणि सगळ्यात उतावळेपणाने केलं ते होसोगी न्हाव्याने.

होसोगी म्हणजे गावातला एकुलता एक न्हावी आणि पोरांच्या बेसबॉल संघाचा कोच. त्याचं दुखणं वेगळंच होतं. गाव रिकामं होत चाललेलं, पोरं उरली आठ, आणि खेळायला लागतात नऊ. मागच्या वर्षी एकही सामना खेळायला मिळाला नव्हता. पहिल्याच रविवारी युझू लिंबांची पिशवी घेऊन तो वसाहतीत हजर झाला.

"पोरगा आहे म्हणे तुमच्याकडे?" दारातूनच त्याने साचिएला विचारलं.

"आहे. पण आम्ही काही फार दिवस..."

"दिवस कोण मोजतोय, वहिनी! नववा आहे का एवढं सांगा."

शुहेई आतून ऐकत होता. नववा. म्हणजे कुणीही चाललं असतं. पण बेसबॉल त्याला मनापासून आवडायचा, म्हणून मुकाट्याने तो होसोगीच्या मागे दुकानात गेला. नव्या पोराचं डोकं कोचने स्वतः तासायचं, ही आमच्या संघाची रीत. बाकीची आठही पोरं बाकावर ओळीने बसून बघत होती, सगळ्यांची डोकी गुळगुळीत.

"कवटी चांगली आहे," होसोगी मशीन फिरवत म्हणाला. "ह्या यूसाकुची बघ, बटाटा लाजेल."

"काका!" यूसाकु ओरडला. तो सगळ्यांत बुटका आणि तोंडाने सगळ्यांत मोठा. "ए, तू कुठला रे?"

आलाच प्रश्न. शुहेई आरशात फिरत्या मशीनकडे बघू लागला.

"बोगद्यातला!" यूसाकुनेच उत्तर दिलं. पोरं खिदळली आणि त्या दिवसापासून शुहेईचं नाव पडलं बोगद्या.

त्याला पाठीवर लावायला आठ नंबर मिळाला. आठ म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात, अगदी मधोमध उभा राहणारा. नंबराचं कापड संघाचं असतं. गाव सोडताना ते धुऊन, इस्त्री करून परत द्यायचं. साचिएला हे चार गावांच्या अनुभवाने पाठ होतं, म्हणून ती नंबर कधी शिवत नसे. चार कोपऱ्यांना चार सेफ्टी पिना लावल्या की काम झालं. बाकीच्या पोरांचे नंबर आयांनी घट्ट टाके घालून शिवलेले, आणि शुहेईचा वाऱ्याने फडफडायचा.

"ए बोगद्या, तुझा आठ उडून चालला बघ," यूसाकु ओरडायचा. तो डावीकडे उभा राहायचा, म्हणजे शुहेईचा शेजारी.

शुहेईचे पाय पळायचे, नजर पक्की होती, हात मऊ होते. होसोगीचा जीव भांड्यात पडला. पण एक खोट निघाली. पोरगं तोंडच उघडेना.

आमच्याकडे मैदानावर गप्प राहणं म्हणजे मोठा गुन्हा. पळताना ओरडायचं, बाकावर बसून ओरडायचं, आणि उंच चेंडू आला की "माझाऽऽ!" म्हणून असं ओरडायचं की शेजारचा आपोआप बाजूला व्हावा. शुहेईच्या तोंडाला कुलूप. त्याचं कारणही होतं. चार गावांच्या चार बोली त्याच्या जिभेवर एकमेकींत मिसळलेल्या. तोंड उघडलं की कुठलीतरी एक भलत्याच ठिकाणी डोकवायची आणि वर्ग हसायचा. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असा कानाला खडा त्याने लावून घेतला होता.

व्हायचं तेच झालं. पलीकडच्या खोऱ्यातल्या संघाशी सरावाचा सामना होता. एक उंच चेंडू बरोबर शुहेई आणि यूसाकुच्या मध्ये आला. यूसाकु "माझाऽऽ!" ओरडत मागे-मागे येत होता. शुहेईला चेंडू सोपा होता, तो वाऱ्यासारखा धावत आला, पण मुका. दोघं एकमेकांवर आदळले. चेंडू गवतात गेला आणि यूसाकुचा पुढचा दात मातीत.

"मुका आहेस का तू?" तोंडावर रक्ताळलेला रुमाल धरून यूसाकु किंचाळला. "दोन दिवसांचा पाहुणा, आणि माझा दात घेऊन गेलास!"

शुहेईने मान खाली घातली. वाईट दाताचं वाटलं, त्याहून जास्त पाहुणा या शब्दाचं.

संध्याकाळी सगळे मैदानाची माती सारखी करत असताना होसोगी लाकडी फावडं घेऊन त्याच्या शेजारी येऊन ओढू लागला.

"झेल सुटला तर सुटतो रे. त्याचं काही नाही. पण हाक दिली नाहीस तर शेजारचा जिवानिशी जाईल."

"मी कसं बोललो तरी हसतात," शुहेई पुटपुटला.

"मग हसू देत! नीट बोलायला कुणी सांगितलंय? पोटातून काय येईल ते ओरड. मांजर ओरड, मुळा ओरड, आईचं नाव घे. समोरच्याला कळलं पाहिजे की बाजूला व्हायचंय. बास."

शुहेईने मान हलवली. पण पुढच्या सरावातही कुलूप तसंच.

त्याच सुमारास बोगद्याच्या तोंडाशी, शाळेच्या बरोबर वरच्या अंगाला, कडा फोडण्याचं काम निघालं. तिथे सुरुंग उघड्यावर उडायचे. बार उडवण्याआधी तोकुओ कड्यावर उभा राहून सगळं खोरं दणाणेल अशी हाक द्यायचा, "हाप्पाऽऽ!" सुरुंगवाल्यांची ही हाक सगळीकडे एकच. ती ऐकली की माणसाने दुसरा विचार करायचा नाही. असेल तिथे आडवं व्हायचं, हात डोक्यावर. पहिल्या आठवड्यात आमची मंडळी माना वर करून मजा बघत उभी राहिली, तेव्हा एक नारळाएवढा दगड होसोगीच्या दुकानाचं छप्पर फोडून खुर्चीत येऊन बसला. नशिबाने खुर्चीत गिऱ्हाईक नव्हतं. त्यानंतर गावाला वेगळं शिकवावं लागलं नाही. हाक आली की भाजी निवडणाऱ्या बायका टेबलाखाली, पोस्टमास्तर काउंटरखाली आणि शाळेतली पोरं बाकांखाली. आमची कुत्रीही शिकली. शुहेईला मात्र ती हाक शिकावी लागलीच नाही. गावं बदलली, शाळा बदलल्या, पण ती हाक पाळण्यापासून त्याच्या कानात होती.

उन्हाळा सरला. नऊ पोरांचा आमचा संघ तालुक्याच्या स्पर्धेत हरत-जिंकत चक्क शेवटच्या सामन्यापर्यंत पोहोचला, आणि तो सामना आमच्याच मैदानावर ठरला. इकडे बोगदाही झपाट्याने पुढे चालला होता. जेवताना तोकुओ खुशीत सांगायचा, "दगड मऊ लागलाय. शरद ऋतूतच पलीकडे निघतो बघ."

शुहेई हातातला वाडगा तसाच खाली ठेवायचा. अंथरुणात पडून तो डोंगराला विनवायचा की अरे, जरा कठीण हो ना. एकदा खरंच बोगद्यात पाणी लागलं, काम थांबलं, आणि बाबा कमरेपर्यंत भिजून गारठून घरी आले. आई त्यांचे पाय चोळत बसली. ते बघून शुहेईला स्वतःची इतकी लाज वाटली की पुन्हा त्याने डोंगराकडे काही मागितलं नाही.

सामन्याच्या रविवारी झाडून सगळं गाव मैदानावर. आयांनी चटईवर जवाचा गार चहा आणि भाताचे गोळे मांडले होते. काम बंद असल्याने तोकुओही आला होता, पहिल्यांदाच. पंच आमचे पोस्टमास्तर नाकाहिरा. समोर नदीच्या खालच्या अंगाच्या मोठ्या गावचा संघ. त्यांची राखीव पोरंच आमच्या संघाहून जास्त.

शेवटचा डाव आला तेव्हा आम्ही एका धावेने पुढे होतो. त्यांचे दोन गडी बाद झालेले, पण पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर एकेक पोरगा उभा. तिसरा गडी बाद झाला की चषक कामिसेचा. चेंडू सुटला तर बेसवरची दोघं धावत मूळ जागी परतणार, दोन धावा होणार आणि सगळं संपणार. फलंदाजाने बॅट घुमवली आणि चेंडू गेला वर. किती वर, तर बघणाऱ्यांच्या माना अवघडल्या. आणि खाली यायला लागला तो बरोबर शुहेई आणि यूसाकुच्या मध्ये.

यूसाकु सूर्याकडे बघत, डोळे बारीक करून मागे धावत होता. त्याला चेंडू दिसत नव्हता, शुहेईला दिसत होता. तो पुढे झेपावला. यूसाकुचं बटाट्यासारखं डोकं आणि त्यातली दाताची खिंड त्याला दिसली. पोटातून काहीतरी वर आलं. त्याने ते अडवलं नाही.

"हाप्पाऽऽऽ!"

काय सांगू! यूसाकु जागच्या जागी पालथा, हात डोक्यावर. पिचर आडवा, कॅचर आडवा, बेसवरची आमची पोरं आडवी. आया चहाच्या किटल्यांसकट चटईवर पालथ्या. होसोगी बाकामागे, आणि पोस्टमास्तर नाकाहिरा पंचाचा मुखवटा मातीत खुपसून सपाट. सगळ्यांत आधी कोण पडला असेल तर तोकुओ. उभं होतं ते पाहुणं गाव, तोंडाचा आ करून. दुसऱ्या बेसवरून सुटलेला त्यांचा पोरगा तर वाटेतच थांबला. मोठं युद्ध सुरू झालंय आणि आपल्याला कुणी सांगितलंच नाही, असं त्याचं तोंड झालं होतं. आणि आमच्यातला एकटा शुहेई उभा, दोन्ही हात वर. चेंडू येऊन त्याच्या हातमोज्यात बसला.

 मग तोकुओचा आवाज आला, पडल्या-पडल्याच. "आज कसला बार? आज सुट्टी आहे! हाक कुणी दिली?"

 बाकामागून आधी होसोगीचं हसू फुटलं आणि मग एकेक करून सगळं गाव कपडे झटकत, पोट धरून हसत उठलं. पाहुण्यांचा कोच तणतणत आला. "झेल पंचाने बघितला तरी का?"

नाकाहिरा प्रामाणिक माणूस. कपाळावरची माती पुसत म्हणाले, "नाही. मी मातीत होतो."

"मग बाद कसा?"

आता आली का पंचाईत! आमच्या बाजूने बघणारा कुणीच नव्हता, सगळे जमिनीवर. तेव्हा तो वाटेत थांबलेला त्यांचाच पोरगा पुढे आला, टोपी काढून वाकला आणि म्हणाला, "मी बघितलं. झेल घेतला त्याने. स्वच्छ होता." मग त्याच्या कोचनेही टोपी काढली. त्या पोराचं नाव आम्ही विचारायचं विसरलो, हे अजून खटकतं.

यूसाकु शुहेईजवळ आला. नाकाला माती, दातात खिंड. "बोगद्या," तो म्हणाला, "हीच हाक आधी दिली असतीस तर दात वाचला असता की रे माझा!" आणि त्याने शुहेईच्या गळ्यात हात टाकला. शुहेईला रडू आलं. आनंदाने आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

त्या संध्याकाळी साचिएने सुई-दोरा काढला आणि सेफ्टी पिना काढून आठ नंबर घट्ट शिवला. तोकुओ म्हणाला, "अगं, लवकरच उसवावा लागणार." ती म्हणाली, "उसवीन की. तुम्ही जेवा."

आणि उसवलाच. पानं लाल झाली तेव्हा डोंगर आरपार झाला. पिंप फुटलं, फोटो निघाला. शुहेईने नंबर धुऊन, इस्त्री करून दोन्ही हातांनी होसोगीला दिला, मैदानाकडे तोंड करून टोपी काढून वाकला आणि ट्रकमध्ये बसला. ट्रक बाबांच्या बोगद्यातूनच गेला. "बाहेर येईपर्यंत विसरतील," तो स्वतःशी म्हणाला. यूसाकु पत्र लिहिणार होता, ते आलं नाही. शुहेईने वाटही बघितली नाही, म्हणजे तसं तो म्हणायचा.

पुढे तोही बोगद्यांच्याच कामाला लागला, जाईल त्या गावात तोच प्रश्न ऐकत. लग्न झालं, मुलगी झाली, तिच्याही शाळा बदलल्या. "आमचं काय, आज इथे उद्या तिथे," असं हसून उत्तर द्यायला तो शिकला होता. आई-वडील गेले. डोक्यावरचे केस पांढरे झाले, आणि मग कंपनीने जुने बोगदे तपासायला त्याला ज्या डोंगरांत पाठवलं, त्यात आमचाही डोंगर निघाला.

काम उरकून तो मैदानापाशी उतरला. होसोगीचं दुकान बंद, यूसाकु समुद्रावर माशांच्या बोटीवर. शाळाही आता चार गावांची मिळून एक. पोरं खेळत होती, काही पोरीही. एकही चेहरा ओळखीचा असण्याचं कारण नव्हतं. जाळीबाहेर, हेल्मेट काखेत धरून तो नुसता बघत उभा राहिला. उगाच आलो, असं त्याला वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात एक चेंडू उंच उडाला, तिरपा, जाळीच्या दिशेने. एक बुटकी पोरगी वर बघत सुसाट धावत आली आणि ओरडली, "हाप्पाऽऽऽ!"

तिच्या आजूबाजूची दोन पोरं पटकन पालथी झाली. आणि जाळीबाहेर शुहेई ओकुमुरा, हात डोक्यावर, गवतात सपाट.

पोरीने झेल घेतला. मग जाळीशी येऊन खाली वाकून बघू लागली. शुहेई मान वर करेना. गवतात तोंड खुपसून तो रडत होता.

"लागलं का हो काका?"

"नाही, नाही." त्याने बाहीने डोळे पुसले. "ही हाक तुम्हाला कुणी शिकवली गं?"

"शिकवायचं काय त्यात?" पोरीला प्रश्नच कळला नाही. "आमच्या कामिसेत पहिल्यापासून अशीच देतात. दुसऱ्या गावचे हसतात, हसू देत." ती जायला वळली आणि थबकली. गवताने भरलेल्या त्याच्या कपड्यांकडे तिने नीट बघितलं. "पण बाहेरची माणसं तर नुसती आ करून उभी राहतात. तुम्ही कसे आडवे झालात? तुम्ही इथलेच का?"

शुहेई गवतात उठून बसला.

"हो," तो म्हणाला. "मी इथलाच."